नावाने नव्हे, कसोटीने
शिसपेन्सिलीतून निघालेल्या ग्राफीनची गोष्ट

वर्षावासात आमच्या वसाहतीतील बुद्धविहारात दर रविवारी सायंकाळी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होते. गेल्या वर्षी अशाच एका रविवारी वंदना झाली, वाचन झाले, खीर वाटून झाली आणि मंडळी उठू लागली. तेवढ्यात शेजारच्या चाळीतील एका तरुण रिक्षाचालकाने खिशातून एक छोटी बाटली काढून आमच्या हातावर ठेवली. बाटलीत काळसर पाणी होते आणि वर मोठ्या अक्षरांत ‘ग्राफीन’ असे छापलेले होते. रिक्षाच्या पत्र्याला हे लावले की चरा पडत नाही, गंज धरत नाही, असे सांगून दुकानदाराने ती त्याला विकली होती. दोन दिवसांची कमाई त्या बाटलीत गेली होती.

“काका, दुकानदार म्हणाला की ह्याला नोबेल मिळालंय आणि हे पोलादापेक्षा मजबूत आहे. खरं असतं का हो हे?”

आम्ही म्हणालो, “बाळा, नोबेल मिळाले हे खरे, मजबुतीही खरी. पण या बाटलीत तेच आहे की नाही, हे बाटलीवरच्या नावावरून सांगता येत नाही.”

त्याचे समाधान झाले नाही, आणि ते योग्यच होते. मग कशावरून सांगता येते, हा त्याचा पुढचा प्रश्न होता. त्या प्रश्नाचे उत्तर विहाराच्या पायरीवर उभ्याउभ्या देण्यासारखे नव्हते. ते सविस्तर द्यावे म्हणून हा लेख.

पेन्सिलीच्या टोकात काय आहे?

आपल्या मुलांच्या दप्तरातली शिसपेन्सिल घ्या. नाव शिसपेन्सिल असले तरी तिच्यात शिसे नसते. असते ते ग्रॅफाईट, म्हणजे कार्बनचे एक रूप, आणि त्यात मिसळलेली चिकणमाती. नाव एक आणि वस्तू दुसरी, याचे हे घरातलेच पहिले उदाहरण.

ग्रॅफाईटची रचना मोठी गमतीची आहे. कार्बनचे अणू सहा-सहाच्या कड्या करून एका पातळीत पसरतात. कोंबड्यांच्या खुराड्याला षटकोनी तारेची जाळी लावतात, तशी ही अणूंची जाळी. अशा जाळ्या एकीवर एक रचल्या की ग्रॅफाईट झाले. एका जाळीतले अणू एकमेकांना घट्ट धरून असतात, पण एका थराची दुसऱ्या थरावरची पकड ढिली असते. म्हणून कागदावर पेन्सिल ओढली की थर सुटतात आणि कागदाला चिकटतात. आपण त्याला अक्षर म्हणतो.

चांगल्या भाकरीचा पापुद्रा जसा अलगद सुटतो, तसा ग्रॅफाईटचा अगदी शेवटचा, एकच एक थर सुटा केला तर त्याला ग्राफीन म्हणतात. त्याची जाडी एका अणूएवढी. ग्रॅफाईटमध्ये दोन थरांतले अंतर ०.३३५ नॅनोमीटर असते. नॅनोमीटर म्हणजे एका मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. म्हणजे एक मिलिमीटर जाडीच्या ग्रॅफाईटमध्ये असे सुमारे ३० लाख थर बसतात. लांबी आहे, रुंदी आहे, जाडी मात्र जवळजवळ नाहीच, म्हणून अशा पदार्थांना द्विमितीय पदार्थ म्हणतात.

कचऱ्याच्या टोपलीतली चिकटपट्टी

असा एकच थर कसा वागेल याचे गणित फिलिप वॉलेस या शास्त्रज्ञाने १९४७ सालीच मांडले होते. जर्मनीचे हान्स-पेटर बोएम यांनी १९६२ साली अतिशय पातळ पापुद्रे पाहिल्याची नोंद केली होती. परंतु एकच थर हाती धरून, त्याला तारा जोडून, त्याची वीज मोजून दाखवणे कोणाला साधले नव्हते. एवढा पातळ थर सुटा राहूच शकणार नाही, तो गुंडाळला जाईल किंवा मोडेल, असेही अनेकांचे मत होते.

हे साधले इंग्लंडमधील मँचेस्टर विद्यापीठात. आंद्रे गाईम हे तिथे प्राध्यापक होते. ठरलेले काम बाजूला ठेवून अधूनमधून वेड्यावाकड्या वाटणाऱ्या कल्पना करून पाहण्याची त्यांची सवय. जिवंत बेडूक चुंबकाच्या जोरावर हवेत तरंगत ठेवल्याबद्दल त्यांना २००० साली ‘इग नोबेल’ हे विनोदी पारितोषिकही मिळाले होते. त्यांनी दा जियांग या विद्यार्थ्याला ग्रॅफाईटचा तुकडा देऊन तो घासून घासून शक्य तितका पातळ करायला सांगितले. घासून जे उरले ते फारच जाड निघाले.

त्याच प्रयोगशाळेत ओलेग श्क्ल्यारेव्हस्की हे दुसऱ्या प्रकारच्या सूक्ष्मदर्शकाच्या कामासाठी ग्रॅफाईट वापरीत. ग्रॅफाईटचा पृष्ठभाग ताजा व स्वच्छ करण्यासाठी त्यावर चिकटपट्टी लावून ती ओढायची आणि फेकून द्यायची, अशी तिथली रीत होती. त्यांनी कचऱ्याच्या टोपलीतून अशीच एक टाकलेली पट्टी काढून दाखवली. पट्टीला चिकटलेले ग्रॅफाईटचे कण घासलेल्या तुकड्यापेक्षा कितीतरी पातळ होते.

मग गाईम आणि त्यांचे तरुण सहकारी कॉन्स्टंटिन नोव्होसेलोव्ह यांनी ही वाट धरली. पट्टीवर ग्रॅफाईटचा कण ठेवायचा, पट्टी दुमडायची, उघडायची. दर वेळी कणाचे थर दोन्हीकडे वाटले जातात. असे पुन्हा पुन्हा करायचे. शेवटी ती पट्टी सिलिकॉनच्या तबकडीवर दाबून उचलायची. तबकडीवर जे कण राहतात त्यांत बहुतेक जाडच असतात, पण एखादा कण एकाच थराचा असतो. त्यांचा निबंध २२ ऑक्टोबर २००४ रोजी ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि २०१० साली दोघांना पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. नोव्होसेलोव्ह तेव्हा ३६ वर्षांचे होते.

जी पट्टी जगभर कचऱ्यात जात होती, तिच्याकडे कोणीतरी थांबून पाहिले, एवढाच फरक. टाकून दिलेल्यांत काय दडलेले असते, हे आपल्या समाजाला वेगळे सांगण्याची गरज नाही.

ओळखायचे कसे?

आता आमच्या रिक्षावाल्या भावाच्या प्रश्नाकडे येऊ. पापुद्रा तबकडीवर पडला, पण तो एका थराचा आहे, दहा थरांचा की शंभर थरांचा, हे कसे कळणार? तयार करण्यापेक्षा ओळखणे कठीण, असे या विषयात म्हटले तर अतिशयोक्ती नाही.

पहिली कसोटी उजेडाची. पावसाळ्यात रस्त्यावरच्या पाण्यावर पेट्रोलचा तवंग पसरला की त्यात रंग दिसतात. तवंगाच्या वरून आणि खालून परतणारा उजेड एकमेकांत मिसळल्यामुळे ते रंग उमटतात. सिलिकॉनच्या तबकडीवर तिच्या ऑक्साईडचा सुमारे ३०० नॅनोमीटर जाडीचा थर असला, तर त्यावर पडलेला ग्राफीनचा एकच थर साध्या सूक्ष्मदर्शकातूनही फिकट जांभळट डाग म्हणून दिसतो. हाच ऑक्साईडचा थर ३०० ऐवजी ३१५ नॅनोमीटर असला, तर ग्राफीन पार अदृश्य होऊ शकते. अगोदरच्या कित्येकांच्या नजरेखालून ते न दिसता गेले असेल!

याच उजेडाने पुढे थर मोजण्याचेही साधन दिले. २००८ साली मँचेस्टरच्याच गटाने दाखवले की ग्राफीनचा एक थर अंगावर पडलेल्या उजेडापैकी २.३ टक्के शोषून घेतो, दोन थर त्याच्या दुप्पट. या निबंधाचे पहिले लेखक केरळचे राहुल नायर होते.

दुसरी कसोटी आपल्या देशाची आहे. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी कोलकात्यात सी. व्ही. रामन यांनी जो परिणाम शोधला आणि ज्याबद्दल त्यांना १९३० साली नोबेल मिळाले, तोच आज ग्राफीनची खरी ओळखपरेड घेतो. पदार्थावर लेसरचा एकरंगी उजेड टाकला की परतलेल्या उजेडातला थोडासा भाग रंग बदलून येतो. हा बदल पदार्थातले अणू कसे थरथरतात यावर अवलंबून असतो. त्याचा आलेख काढला की ग्राफीनमध्ये दोन ठळक शिखरे दिसतात, एक १५८० या आकड्याजवळ आणि दुसरे २७०० जवळ. एकच थर असेल तर दुसरे शिखर उंच, सडपातळ आणि एकसंध असते. थर वाढले की ते रुंदावते आणि त्याचा आकार बदलतो. जाळी फाटकी-तुटकी असेल तर १३५० जवळ तिसरे शिखर डोके वर काढते. म्हणजे थर किती आणि दोष किती, या दोन्हींचा निवाडा एकाच आलेखात. थर ओळखण्याची ही रीत केंब्रिजचे आंद्रेआ फेरारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली मांडली.

तिसरी कसोटी स्पर्शाची. अतिशय बारीक टोकाची सुई पापुद्र्यावरून फिरवतात आणि ती पायरी केवढी चढली हे मोजतात. अंध माणूस बोटांनी ब्रेल वाचतो तसे हे वाचन. पण इथेही सावध राहावे लागते. पापुद्रा आणि तबकडी यांच्यामध्ये पाण्याचा सूक्ष्म थर अडकला तर एका थराची उंची वाढून जवळजवळ एक नॅनोमीटर भरते, आणि एकाचे तीन वाटू लागतात. म्हणून एका साधनावर विसंबून कोणी शहाणा संशोधक निकाल देत नाही.

चौथी कसोटी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची. त्यातून अणूंची षटकोनी जाळी प्रत्यक्ष दिसते. आणि पूड असेल तर क्ष-किरणांची कसोटी आहे. थरावर थर नीट रचलेले ग्रॅफाईट असेल तर नेहमीच्या यंत्रात २६.५ अंशांच्या आसपास त्याचे शिखर ताठ उभे राहते. बाटलीवर नाव काहीही असो, ते शिखर आत ग्रॅफाईट असल्याची साक्ष देते.

शांतरक्षितांच्या ‘तत्त्वसंग्रह’ या ग्रंथात तथागतांचा असा उपदेश सांगितला आहे की, सोनार जसा सोने तापवून, कापून आणि कसोटीच्या दगडावर घासून मगच स्वीकारतो, तसे माझे वचनही तपासूनच घ्या, केवळ आदरापोटी घेऊ नका. कालाम सुत्ताचाही आशय तोच. ऐकीव आहे, परंपरेने आले आहे, ग्रंथात लिहिले आहे किंवा सांगणारा मोठा आहे, एवढ्यावरून काही मानू नये. प्रयोगशाळेतला संशोधक हाच नियम रोज पाळतो. रामनचा आलेख म्हणजे त्याचा कसोटीचा दगड.

करण्याच्या आणखी वाटा

चिकटपट्टीने मिळणारा पापुद्रा उत्तम असतो, पण तो एवढासा, प्रयोगापुरता. मोठ्या प्रमाणावर करायचे तर अन्य वाटा आहेत.

एक वाट वायूची. तांब्याचा पातळ पत्रा सुमारे १००० अंश सेल्सिअसला तापवून त्यावरून मिथेन वायू सोडतात. मिथेनमधला कार्बन सुटतो आणि तांब्यावर जाळी विणत जातो. तांब्यावर ही जाळी बहुतांशी एका थराशीच थांबते, हे अमेरिकेतील रॉडनी रुऑफ यांच्या गटाने २००९ साली दाखवले. दुसऱ्याच वर्षी दक्षिण कोरियात ३० इंची पडद्याएवढे ग्राफीन करून दाखवण्यात आले.

दुसरी वाट रसायनाची. ग्रॅफाईटला तीव्र आम्ले व ऑक्सिडीकारके देऊन त्याचे थर फुगवतात, पाण्यात सुटे करतात आणि मग त्यातला ऑक्सिजन पुष्कळसा काढून टाकतात. स्वस्त पडते, पण जाळीला भोके पडतात. अशा मालाला खऱ्या ग्राफीनचे सगळे गुण नसतात.

तिसरी वाट ऐकून आमच्या भगिनींना हसू येईल. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमधील जोनाथन कोलमन यांच्या गटाने २०१४ साली प्रसिद्ध केले की, ग्रॅफाईटची पूड, पाणी आणि भांडी घासण्याचे द्रव साबण स्वयंपाकघरातल्या मिक्सरमध्ये फिरवले तरी ग्राफीनचे पापुद्रे सुटतात. मात्र त्यातून पातळ-जाड असा मिश्र माल निघतो आणि तो निवडून घ्यावा लागतो. घरच्या मिक्सरमध्ये कोणी हा उद्योग करू नये, ही विनंती. पूड श्वासातून छातीत जाणे चांगले नाही.

ग्राफीनच्या पाठोपाठ अशा पापुद्र्यांचे मोठे कुटुंबच पुढे आले. यंत्रांच्या ग्रीसमध्ये वापरतात ते मॉलिब्डेनम डायसल्फाईड हे त्यातले एक. ते जाड असताना जवळजवळ प्रकाशत नाही. त्याचा एकच थर मात्र योग्य उजेड टाकला की स्वतः चमकतो, असे २०१० साली आढळले. ग्राफीनमधून वीज सुसाट धावते, पण ती पुरती बंद करता येत नाही, म्हणून संगणकाच्या चिपमध्ये सिलिकॉनची जागा ते सहज घेऊ शकत नाही. मॉलिब्डेनम डायसल्फाईडच्या एका थराचे बटण मात्र चालू-बंद होते, हे २०११ साली स्वित्झर्लंडमध्ये सिद्ध झाले.

साठ कंपन्यांची झडती

आता दुकानातल्या मालाकडे वळू. सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठातील संशोधकांनी जगभरातील ६० कंपन्यांचे ग्राफीन म्हणून विकले जाणारे नमुने घेतले आणि त्यांना वर सांगितलेल्या तऱ्हेच्या कसोट्या लावल्या. खुद्द नोव्होसेलोव्ह यांचे नाव त्या निबंधाच्या लेखकांत होते. निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. दहा थरांपर्यंतच्या पापुद्र्याला ग्राफीन म्हणण्याची सवलत देऊनही बहुसंख्य नमुन्यांत ग्राफीन १० टक्क्यांहून कमी भरले. निम्म्याहून अधिक ग्राफीन एकाही नमुन्यात नव्हते. बाकी होती ती मुख्यतः ग्रॅफाईटची बारीक पूड.

नाव मोठे झाले की त्याची भीतीही विकली जाते. २०२१ साली करोनाच्या लसीत ग्राफीन ऑक्साईड घातले आहे अशी आवई उठली. आमच्या वस्तीतही काही वृद्धांनी त्या भीतीने लस टाळली. लसींच्या जाहीर घटकांत ग्राफीन नव्हते. उलट त्याच वर्षी एप्रिलमध्ये कॅनडाच्या आरोग्य खात्याने ग्राफीन लावलेले मुखपट्टे वापरू नयेत असा इशारा दिला, कारण कण श्वासात जाण्याची शक्यता होती. पुढे तपासणी झाली आणि जे नमुने निर्धोक ठरले ते जुलैमध्ये पुन्हा विक्रीस मोकळे झाले. आवई आणि तपासणी यांतला फरक तो हाच. तपासणी आपला निर्णय बदलायला तयार असते.

माणसावर चिकटवलेली चिठ्ठी

या गोष्टीतला एक भाग आम्ही मुद्दाम शेवटी ठेवला आहे.

आंद्रे गाईम यांचा जन्म १९५८ साली सोव्हिएत रशियातील सोची येथला. त्यांचे आईवडील दोघेही अभियंते, वंशाने जर्मन. शाळेत हुशार असलेल्या या मुलाने मॉस्कोतील एका नामांकित संस्थेची प्रवेशपरीक्षा दोनदा दिली आणि दोन्ही वेळा त्याला नापास करण्यात आले. आपल्या जर्मन वंशामुळेच हे झाले, असे त्यांनी स्वतः सांगितले आहे. त्यानंतर त्यांनी मॉस्कोच्याच दुसऱ्या संस्थेत प्रयत्न केला आणि तिथे प्रवेश मिळाला. पुढचे जगाला ठाऊक आहे.

उत्तरपत्रिका वाचण्याआधी आडनाव वाचणारे परीक्षक आपल्याला परके नाहीत. वर्गाबाहेर बसवलेल्या मुलाने पुढे देशाची घटना लिहिली, हे आपण दर १४ एप्रिलला आठवतो. सुत्तनिपातातील वासेट्ठ सुत्तात भगवान बुद्धांनी हाच विषय घेतला आहे. गवत, किडे, पक्षी यांच्यात जातीच्या खुणा दिसतात, माणसामाणसांत तशी खूण नाही. माणूस काय आहे ते त्याच्या कर्माने ठरते. बाटलीवरची चिठ्ठी वाचून आतल्या पदार्थाचा निवाडा करणे जेवढे अज्ञानाचे, तेवढेच जन्माची चिठ्ठी वाचून माणसाचा निवाडा करणे. फरक इतकाच की बाटलीला अपमान कळत नाही.

म्हणून विज्ञानाची ही रीत आपल्या मुलामुलींच्या हाती आली पाहिजे. घरात विज्ञान शाखा म्हटले की डॉक्टर आणि इंजिनिअर एवढ्याच दोन वाटा बोलल्या जातात. तिसरीही आहे. बी.एस्सी. ला पदार्थविज्ञान किंवा रसायनशास्त्र घ्यावे, ‘जॅम’ परीक्षा देऊन आय.आय.टी.त एम.एस्सी. ला जावे, ‘नेट’ देऊन संशोधनवृत्ती मिळवावी. मुंबईच्या आय.आय.टी.त, पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत आणि पुण्याच्याच आयसरमध्ये नॅनोपदार्थांवर काम चालते. परदेशी जाण्याची ताकद असलेल्यांसाठी अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांकरिता महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. तिच्या अटी त्या-त्या वर्षीच्या जाहिरातीत नीट वाचाव्यात आणि कागदपत्रे आधीपासून जुळवून ठेवावीत. जातीच्या दाखल्यापायी आणि उत्पन्नाच्या दाखल्यापायी संधी हुकलेली मुले आम्ही पाहिली आहेत.

त्या बाटलीचे काय झाले, असे वाचक विचारतील. आम्ही आमच्या रिक्षावाल्या भावाला तीन प्रश्न लिहून दिले. यात ग्राफीन किती टक्के आहे? ते किती थरांचे आहे? आणि हे कोणत्या तपासणीवरून ठरवले, तिचा अहवाल कोठे आहे? तो तेवढी चिठ्ठी घेऊन दुकानात गेला. दुकानदाराने चिठ्ठी दोनदा वाचली, अहवाल काही निघाला नाही, बरीच बाचाबाची झाली आणि अखेर निम्मे पैसे परत मिळाले.

बाटली मात्र त्याने ठेवून घेतली. त्याची मुलगी यंदा अकरावीला विज्ञान शाखेत आहे. हिच्यात खरोखर काय आहे ते कधीतरी स्वतःच्या हाताने तपासून सांगते, असे ती म्हणाली आहे. तोपर्यंत ती बाटली विहाराच्या ग्रंथालयातील कपाटात, खालच्या खणात ठेवलेली आहे.

जयभीम.